श्वासाला सोबत

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. कांजूरमार्ग

मुंबईत जागा मिळणं म्हणजे देव भेटणं, असं मेहकरात सगळे सांगत होते. आमच्या घरात देवच नाहीत, तरी मला जागा मिळाली! स्वतंत्र खोली, खिडकी आणि खिडकीबाहेर पेरूचं झाड. आईने डब्यात दशम्या आणि डोक्यात सल्ले कोंबून पाठवलं होतं. दशम्या संभाजीनगर येईपर्यंत संपल्या. सल्ले वर्षभर पुरतील.

जागा कांजूर गावात आहे. मुंबईत कसलं गाव, असं मलाही वाटलं होतं. पण टॉवरांच्या पायथ्याशी चार गल्ल्या खरंच गावासारख्या उरल्या आहेत. कौलारू घरं, दोरीवर सुकत टाकलेले बोंबील, कोपऱ्यावर पांढरा क्रूस. ही ईस्ट इंडियन लोकांची वस्ती, म्हणजे इथलेच जुने कॅथलिक. भिंतीवर येशू आणि तोंडात मराठी.

मालकीणबाईंचं नाव सेलिना. मी आंटी म्हणते. आंटींच्या तोंडाची टकळी क्षणभर थांबत नाही. ऐकायला कोणी नसलं तर गुणगुणतात, गुणगुणून कंटाळल्या की मांजराला रागावतात. त्यांचे यजमान हर्बर्ट अंकल अगदी उलटे, दिवसाला मोजून चार वाक्यं. मूलबाळ नाही. लग्नाआधी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणायची इथली रीत आहे, त्या वरातीपुढे अंकल ट्रम्पेट वाजवायचे. अख्खी गल्ली हलायची म्हणे. आता पलंगापासून दारापर्यंत येताना मध्येच भिंत धरून उभे राहतात. वारा फिरला की डंपिंग ग्राउंडचा वास घरात शिरतो आणि मग तर बघवत नाही.

माझी खोली आधी बेलाची होती. बेला आंटींची धाकटी बहीण, लग्न केलेलं नव्हतं, इथेच राहायची. जूनमध्ये छातीच्या आजाराने गेली. हे सांगताना आंटी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, मला काही वाटत नाही. भूतखेत आणि नजर लागणं यांना बाबासाहेबांच्या फोटोपुढे आमच्याकडे थारा नाही.

एक गंमत. आंटींना दवाखान्याच्या लाइनीतलीच मुलगी हवी होती. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे म्हटल्यावर भाड्याचं बोलणंही पुढे गेलं नाही, थेट किल्लीच हातात दिली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज रक्त पाहिलं, तेही स्वतःचं. प्रॅक्टिकलला रक्तगट काढायचा होता. शेजारी मनाली नावाची मुलुंडची मुलगी बसते. बोट पुढे करून डोळे मिटून म्हणाली, "यार उत्तरा, माझी वाट लागणारे, तूच टोच." टोचलं. काचेवरच्या थेंबात औषध मिसळल्यावर रक्ताच्या गुठळ्या झाल्या, दूध नासल्यासारख्या. मॅडम म्हणाल्या, अशी राखण प्रत्येकाच्या रक्तात असते. आपलं कोण, परकं कोण, हे रक्ताला कळतं. परका शिरला की पांढऱ्या पेशी धावून जातात, आणि एकदा पकडलेल्या चोराचा चेहरा विसरत नाहीत.

मग हृदय. त्याचा ठेका त्याच्यातच तयार होतो. वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, तो ठोके देत राहतो. मेंदू फार तर हळू किंवा जोरात म्हणू शकतो. फुप्फुसांचं तसं नाही. त्यांना स्वतःचा स्नायूच नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली ओढला जातो तेव्हा हवा आत येते, आणि तो ओढण्याचा हुकूम दर खेपेला मेंदूच्या देठातून निघावा लागतो, झोपेतसुद्धा. म्हणजे हृदय आमच्या बाबांसारखं, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. फुप्फुसं सरकारी शिपायासारखी, वरून हुकूम आल्याशिवाय जागची हलत नाहीत. हे मी वर्गात बोलले आणि मॅडमसुद्धा हसल्या.

एक युक्तीही शिकलो. कुणाचा श्वास मोजायचा तर त्याला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. मनालीवर करून पाहिलं, तिला पत्ता लागला नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

युक्ती अंकलवर वापरली आणि पकडली गेले. मनगट धरून बसले होते. मध्येच अंकल म्हणाले, "नाडी दिसते काय गो छातीवर?" मी हसले. ते हसले नाहीत. मी त्यांचा श्वास नीट बघितला. वरवर आणि भराभर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि दर श्वासाआधी कपाळाला एक बारीक आठी. विचार करून श्वास घेतल्यासारखी.

सीनियर मुली वॉर्डात दमेकऱ्यांना शिकवतात ते मी दारातून पाहिलंय. पेशंटच्या समोर बसायचं. आधी त्याच्याच लयीत श्वास घ्यायचा. मग नाकाने आत, ओठांचा चंबू करून सावकाश फुंकर बाहेर, असा आपला श्वास हळूहळू लांबवत न्यायचा. पेशंट आपोआप मागे येतो. पहिल्या वर्षाला पेशंटला हात लावायची परवानगी नाही. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्यात माझा हात कोण धरणार!

अंकल नकोच म्हणत होते. तू अभ्यास कर, या भानगडीत पडू नकोस. मी हट्टाला पेटले. स्वयंपाकघरातलं आंटींचं गुणगुणणं थांबलं होतं. तिथूनच म्हणाल्या, करू दे ना तिला.

मग केलं. समोरासमोर बसलो, मनगट धरलं. थोड्याच वेळात अंकलची आठी गेली. खांदे खाली आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला इतकं भरून आलं की रात्रीच्या जेवणात तीन फुगे जास्त खाल्ले. फुगे म्हणजे इथली तळलेली गोल पावासारखी गंमत, झकास लागते.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रोज संध्याकाळी बसतो. अंकल आता दारापर्यंत न थांबता जातात. बोटाला लावायच्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन चांगला दिसतो. औषध तेच, इनहेलर तोच. फरक माझा! मनालीला सांगितलं तर म्हणाली, आत्तापासून दवाखान्याची पाटी रंगवून ठेव.

प्रबुद्धदादाला फोन केला. दादा आमच्याकडे आश्रमशाळेवर शिकवतो. विपश्यनेचं शिबिर करून आलाय आणि वर्गातल्या पोरांना आनापान शिकवतो. मलाही लहानपणी त्यानेच बसवलं होतं. तो म्हणाला, आपल्याकडे श्वास फक्त बघायला सांगतात, बदलायला नाही, आणि तू तर दुसऱ्याचा बदलायला निघालीस. मी म्हटलं, तू ध्यान कर, मी विज्ञान करते. त्यावर त्याने लेकीला फोनवर आणलं. ती दोन पावलं चालायला लागलीय. सहा डिसेंबरला गावच्या लोकांबरोबर चैत्यभूमीला येणार आहे, तेव्हा भेटेल.

आंटींचं एक कळत नाही. मी आणि अंकल गप्प बसलो की त्या त्या खोलीत थांबत नाहीत. काही घ्यायला आल्याच तर मोठ्याने जपमाळ म्हणत येतात आणि म्हणतच जातात.

२४ नोव्हेंबर, रविवार

अंकल आज चालत चर्चला गेले! गल्लीत सगळे दारात येऊन बघत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, तुझे आईवडील कुठे असतात, आणि हात सोडून आत गेल्या.

दुसरी एक गोष्ट लिहून ठेवते. शुक्रवारी सकाळी उशीर झाला म्हणून मी कांजूरमार्ग स्टेशनचा पूल धावत चढले. छाती फुटेल असं झालं. घरी आल्यावर आंटी म्हणाल्या, अंकलना सकाळी अचानक धाप लागली होती, पलंगावर पडल्यापडल्या. वेळ विचारली. मी पुलावर होते तीच.

योगायोग असणार. पण मग आंटींनी मला नवीन चपला का दिल्या? आणि का म्हणाल्या, सावकाश चालत जा?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शंका आली की प्रयोग करायचा, एवढं तरी शाळेत शिकलेय. दुपारच्या सुट्टीत मनालीला घेऊन कॉलेजच्या मागच्या जिन्यावर बसले आणि नाकतोंड दाबून धरलं. भीती नव्हती. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदू हैराण होतो आणि श्वास घ्यायला लावतोच. हट्टाने श्वास कोंडून कोणी मरत नाही. परीक्षेला येणारा प्रश्न आहे.

फोन वाजला. आंटी. मनालीने उचलला. आवाज मलाही ऐकू येत होता. अंकल काळेनिळे पडलेत, उत्तराला म्हणावं काय करते ते बंद कर, आत्ताच्या आत्ता बंद कर.

मी हात काढला. आणि श्वास घेतला नाही.

कारण घ्यावासा वाटलाच नाही. घुसमट नाही, छातीत आग नाही. विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं शांत वाटत होतं. मी मनालीकडे बघत होते, तिचं तोंड हलत होतं. तिने खाडकन थोबाडीत दिली तेव्हा मी ठरवून, हात उचलावा तसा, श्वास उचलला. ओठ निळे झाले होते म्हणे. मनाली रडत म्हणाली, "पागल झालीस काय तू?"

हुकूम आला नाही. मेंदूच्या देठातून यायचा तो हुकूम माझ्यात आला नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

वाचनात गुंगले की श्वास थांबतो. डोळ्यांपुढे काळं येतं तेव्हा कळतं. मग आठवणीने घेते. अंकलजवळ बसले की मात्र कसलीच आठवण करावी लागत नाही. दोघांचा एकच चालतो, सुरळीत. म्हणून मी आता सकाळीही बसते. मी त्यांचं मनगट धरायचे ना? आज पाहिलं तर त्यांची बोटं माझ्या मनगटावर होती, आणि नजर माझ्या छातीवर.

रात्री झोपेत दोनदा बुडाल्यासारखी उठले.

विचार करते आहे. परकं रक्त शरीरात शिरलं तर केवढा गहजब होतो. परका जंतू शिरला तर ताप येतो, गाठी सुजतात, सगळी फौज उठते. श्वास शिरला तर? श्वासाला रक्तगट नसतो. तो कुणाचाही कुणाला चालतो. त्याला अडवायला आत कोणी बसवलेलंच नाही.

मी भित्री नाही. पण आज मी घाबरले आहे, हे खरं आहे.

३० नोव्हेंबर, शनिवार

आंटींना ओट्यापाशी गाठलं. विचारलं, तुम्ही अंकलजवळ गप्प का बसत नाही?

आधी नुसत्या बोलत राहिल्या, कोळंबीबद्दल, गॅसबद्दल. मी गॅस बंद केला. मग सांगितलं. बेलाची छाती गेल्या वर्षीच गेली होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. अंकलचा मेव्हणीवर जीव. रोज तिच्याजवळ बसायचे, काही बोलायचे नाहीत, तिच्याबरोबर श्वास घ्यायचे, तिला धीर यावा म्हणून. सोबत म्हणून. बेला कितीतरी महिने जास्त जगली. जूनमध्ये दुपारी गेली, त्याच क्षणी अंकल शेजारच्या खुर्चीवरून खाली कोसळले. तोवर त्यांची फुप्फुसं धडधाकट होती. त्या दिवसापासून त्यांना एकेक श्वास स्वतः घ्यावा लागतो. डॉक्टर म्हणतात वय झालं.

आंटींनी ओळखलं होतं. म्हणून त्यांच्याजवळ बोलत राहायचं, गुणगुणत राहायचं, आपली लय त्यांच्या लयीत जाऊ द्यायची नाही. म्हणून दवाखान्याच्या लाइनीतली मुलगी. अशा मुलीला धीर द्यायला शिकवावं लागत नाही.

"मला जगायचं हाय गो," आंटी म्हणाल्या, "आनि त्याला पन जगवायचा हाय. मी काय करू?"

माझा इतका संताप झाला की ओट्यावरची मसाल्याची बाटली भिंतीवर फेकली. मसाला सगळीकडे उडाला. दोघी शिंकलो. पहिल्या शिंकेनंतर मी पुढचा श्वास घ्यायला विसरले आणि आंटींनीच पाठीत बुक्की घातली.

१ डिसेंबर, रविवार

अंकलनी सगळं ऐकलं होतं. मला जवळ येऊ दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडले. म्हणाले, मी नको म्हटलं होतं, पण आणखी जोरात नको म्हणायला हवं होतं. तू बसलीस की झोप लागायची, सहा महिन्यांनी पहिल्यांदा. लोभ झाला. आता जा. मनालीकडे जा. दूर गेलीस की सुटेल.

मी विचारलं, आणि तुम्ही? ते वरातीतली कसलीशी चाल तोंडाने वाजवायला लागले, मोडकी, धापा टाकत, माझा श्वास ऐकू येऊ नये म्हणून.

मी गेले. बॅग भरली आणि गेले. आंटी दारात आडव्या आल्या होत्या, त्यांना ढकलून.

२ डिसेंबर, सोमवार. मुलुंड

मनालीच्या घरी आहे. तिचे आईबाबा लग्नाला देवगडला गेलेत. रात्री बरी झोप लागली. वाटलं, सुटले. दूर आलं की सुटतं.

लेक्चर चालू होतं, फळ्यावर हृदयाचे चार कप्पे. कोणीतरी छातीतून दोरी ओढून काढल्यासारखं झालं. पडदा खाली गेलाच नाही. मी बाकाची कड धरली आणि स्वतःला सांगितलं, घे. घेतला. सोड. सोडला. घे.

आंटींचा फोन आला तेव्हा मला आधीच माहीत होतं.

मी त्यांना सोडून आले म्हणून ते गेले. हे मला लिहायचं होतं. लिहिलं.

३ डिसेंबर, मंगळवार

दवाखान्यात दाखवलं. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ, हिमोग्लोबिन थोडं कमी. तरुण डॉक्टर होते, चांगले होते. म्हणाले, गेलेल्या माणसाचा धक्का बसलाय, पहिल्या वर्षाच्या मुलांना असं होतं, शिकलेला प्रत्येक आजार आपल्यालाच झालाय असं वाटतं. झोपेच्या तपासणीची तारीख जानेवारीतली दिली. तोवर झोप यावी म्हणून गोळी.

झोप यावी म्हणून! गोळी खिडकीतून फेकली.

हृदय मजेत चाललंय. त्याला कशाचंच काही नाही. कानात त्याचे ठोके ऐकू येतात, दणदणीत. फुकटचे.

४ डिसेंबर, बुधवार

झोपले नाही. डोळा लागतो — बुडते — उठते.

मनाली सकाळी शेजारी येऊन गुपचूप बसली. हात हातात घेतला. मी बघितलं तर तिचं पोट माझ्याबरोबर — मी ओरडले. चालती हो म्हटलं. घर तिचं, आणि चालती हो मी म्हणतेय. ती रडत कॉलेजला गेली. परत आल्यावर दाराबाहेरूनच बोल म्हटलंय.

हे माझ्यापाशी थांबलं पाहिजे. बेलाकडून अंकल, अंकलकडून मी. पुढे कोणी नाही. एवढं मला जमलं पाहिजे. बाकी काही जमलं नाही तरी चालेल.

५ डिसेंबर, गुरुवार

मोठ्याने बोलते. पाठ म्हणते. नाक, घसा, श्वासनलिका, तिच्या दोन शाखा — मग घे. लिहिताना बरं पडतं. एक ओळ — एक श्वास. ओळ लांब झाली की —

दादाचा फोन. रात्रीच निघतोय, गाडीत निळे झेंडे, लेकीला तापाची कणकण म्हणून घरी ठेवली. म्हटलं येऊ नको. का? म्हटलं परीक्षा आहे. तुझा आवाज असा का येतोय? म्हटलं सर्दी. खरं सांगितलं तर पळत येईल. ओळखते मी त्याला —

जेवताना गिळायचं की श्वास घ्यायचा, एकच होतं. जेवत नाही आता.

आईला फोन करावासा वाटतो. आईने पाठीवरून हात फिरवला की — नको. आई नको. कोणीच नको.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळ. अजून आहे. घे. सोड.

भिंतीला टेकून उभी राहते, म्हणजे डोळा लागला की पडते, पडले की जाग येते. गुडघे सोलले.

दार वाजतंय —

दुपार. दादा आहे.

मनालीने त्याला सांगितलं. चैत्यभूमीवरून सरळ इथेच आला. पांढरा सदरा घामाने भिजलेला. मी आतून कडी लावली होती. म्हटलं, तिथूनच बोल. त्याने खांद्याने कडी तोडली. तो शिक्षक आहे, त्याने आयुष्यात काही तोडलं नसेल.

मला बघून त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. जवळ बसला. सरक म्हटलं — सरकला नाही. सगळं सांगायला लागले. बेला — अंकल — वाक्यात एवढा दम पुरत नाही. तो म्हणाला, बोलू नकोस गं. आधी शांत हो. माझ्याबरोबर. मनगट धरलं. दादाचा हात गरम आहे.

हात सोडवते. तो सोडत नाही. त्याला वाटतं मी भ्रमात —

छाती हलली.

मी काही केलं नव्हतं. हुकूम दिला नव्हता. पुन्हा हलली. आपली आपण.

वही मांडीवर आहे. त्याचं पोट वर येतंय, माझंही. खाली जातंय, माझंही. त्याचे डोळे मिटलेत. त्याला कळलेलं नाही.

किती सोपं असतं हे. लोक दिवसभर करतात आणि त्यांना माहीतही नसतं.

उठवायला हवं त्याला. आत्ता. तो अजून सुटेल — थोडाच वेळ झालाय. घरी त्याची पोर ताप घेऊन — दोन पावलं चालते ती —

दादा ऊठ, एवढंच म्हणायचंय. दोन शब्द. तोंडात आलेत.

चार रात्री मी झोपलेले नाही.

म्हणते. म्हणणारच आहे. आधी फक्त एकदा, एकदाच डोळे मिटून —